एकसष्टावी स्लाइड

गारा पडायला लागल्या तेव्हा कोरीन बाबियाक ब्रॅनॉक गावातल्या एकुलत्या एक कॅफेत बसली होती, आणि एका न पाहिलेल्या माणसाची मनसोक्त टिंगल करत होती.

"शेल, अगं, एकशे त्रेचाळीस स्लाइड आहेत!" ऑफिसातल्या मैत्रिणीशी बोलत, फोन कानाशी धरून ती लॅपटॉपवर एकेक स्लाइड सरकवत होती. "अक्षरं इतकी बारीक की मुंगीलासुद्धा चष्मा लागेल. आणि चौतिसावी तर बघायलाच हवी. सात बाण, सात रंगांचे. त्यातला एक तर कुठेच जात नाही… हो ना! या बाबानं प्रेमपत्र लिहिलं ना, तर त्याला आधी अनुक्रमणिका जोडेल."

"आणि शेवटी परिशिष्ट," शेजारच्या स्टुलावरून आवाज आला.

कोरीननं मान वळवली. उंच, उन्हानं रापलेला, तिशीतला माणूस. टोपीवरच्या गारा विरघळून थेंब थेंब त्याच्या कॉफीत पडत होते आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. तो तिच्या स्क्रीनकडे बघत होता.

"तो सातवा बाण दरवाजाकडे जातो," तो म्हणाला. "दरवाजा चित्रात मावला नाही."

"तुम्ही… तुम्हाला कसं—"

"डेल लिंडग्रेन. आपली भेट उद्या सकाळी नऊला ठरली होती." त्यानं हात पुढे केला. "पण बरं झालं. उद्या तुम्ही खोटं खोटं कौतुक केलं असतं."

आता धरणी दुभंगली असती तर कोरीन आनंदानं आत गेली असती. तिनं हात मिळवला. बाहेर गारा पत्र्यावर ताशा वाजवत होत्या, त्यामुळे पळून जायचीही सोय नव्हती. डेलनं शांतपणे लोणी-साखरेचं सारण भरलेले दोन बटर टार्ट मागवले आणि एक तिच्यासमोर सरकवला. त्याच्या डोळ्यांत हसू होतं, पण ओठांवर त्याचा मागमूस नव्हता, आणि हे कोरीनला फारच अन्यायाचं वाटलं.

कोरीनचं काम म्हणजे लोकांच्या स्लाइड घ्यायच्या आणि त्यातून संगणकावर शिकता येईल असा कोर्स उभा करायचा. कॅनडातल्या रेजायना शहरात, एका छोट्याशा ऑफिसात ती हे सहा वर्षं करत होती. तिच्या भावंडांच्या मते हे काम म्हणजे स्लाइडच्या खाली 'पुढे' नावाचं बटण चिकटवणं. नाताळच्या जेवणाला सगळे तिला 'पुढे-पुढेवाली' म्हणून हाक मारायचे. ती हसायची, पण आतून जळायची. आपलं काम काय आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचा तिला अभिमान होता. फक्त तो दाखवायची वेळ अजून आली नव्हती.

डेलचं काम त्याहून अवघड. टॉलर व्हॅली सहकारी संघाची एकतीस धान्यकोठारं गवताळ मैदानात विखुरलेली. सुगीच्या आधी हंगामी माणसं भरती व्हायची, आणि डेल आपल्या पिकअपमधून गावोगाव जाऊन त्यांना शिकवायचा — उंच लोखंडी कोठीत साठलेल्या गव्हात, मसुरात, कनोलाच्या तेलबियांत माणूस कसा बुडतो, आणि न बुडण्यासाठी काय करायचं. आता संघाची प्रशिक्षण-प्रमुख जॉयस हिनं ठरवलं होतं की एकटा माणूस एकतीस ठिकाणी पुरा पडत नाही. या सुगीपासून शिकवणं ऑनलाइन. कोर्स जमला तर ठीक, नाही तर तयार मिळणारा विकत घ्यायचा, ज्यात हेल्मेट घातलेली एक कार्टून मधमाशी नियम म्हणून दाखवते.

"मधमाशी," डेल म्हणाला होता, आणि टोपी काढून पुन्हा डोक्यावर घातली होती.

दर मंगळवारी कोरीन अडीच तास गाडी हाकून ब्रॅनॉकला यायची. कोठाराच्या कँटीनमध्ये दोघं समोरासमोर बसायचे आणि भांडण सुरू व्हायचं.

"ही स्लाइड कशाला?" कोरीन विचारायची.

"माहिती असावी म्हणून."

"माहिती असून माणूस करणार काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे ही वाचून त्याचा हात कुठल्या खटक्याकडे जाणार? पाय कुठे थांबणार? काहीच होणार नसेल तर काढली."

"अहो, ते संघाच्या इतिहासाचं पान आहे! एकोणीसशे सव्वीसपासूनचा—"

"इतिहासानं कुणाला कोठीतून ओढून काढलंय का आजवर?"

डेल कपाळाला हात लावायचा. शेवटी तह झाला — तिनं पाच स्लाइड उडवल्या की तिनं त्याला एक बटर टार्ट द्यायचा. जुलै उजाडेपर्यंत कॅफेवाली कोरीनला दारात बघूनच डबा भरायला घेई.

"माझं वजन वाढतंय," एकदा डेल म्हणाला.

"तुमच्या स्लाइडचं कमी होतंय ना. कुठे तरी जायलाच हवं ते."

तो हसला… पहिल्यांदाच, ओठांनीसुद्धा. कोरीनला उगाच आपले केस नीट करावेसे वाटले. परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना कनोला पिवळाधमक फुलला होता आणि ती स्वतःशीच गुणगुणत होती. मंगळवार सोडून बाकीचे सहा वार निव्वळ भरतीचे आहेत, असं तिचं मत झालं होतं.

जुलैच्या मध्यावर पहिली चाचणी झाली. कँटीनमध्ये अकरा हंगामी कामगार संगणकापुढे बसले. नऊ मिनिटांत अकराही जण उठले. सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण.

जॉयस खुलली. "वा! डेलला यासाठी अख्खी सकाळ लागायची."

डेल मात्र मेव्हिसकडे गेला. मेव्हिस चोपन्न वर्षांची, केस कापायचं दुकान बंद करून यंदा पहिल्यांदाच कोठारावर आलेली, जिभेला हाड नसलेली बाई.

"मेव्हिस, काय शिकलीस सांग बरं."

"शिकले ना! चारातलं सगळ्यात लांबलचक उत्तर बरोबर असतं. बाकीची तीन उगाच तोंडी लावायला."

अकराच्या अकरा जण खो खो हसले. कोरीनचे कान तापले. या धंद्यातली ही सर्वांत जुनी चूक. बरोबर उत्तर लिहिताना माणूस जपून, तपशिलात लिहितो आणि चुकीची घाईघाईनं उरकतो. नवशिक्यांच्या कोर्समध्ये ती हीच चूक लाल पेनानं अधोरेखित करायची. आता तीच चूक तिच्या कोर्समध्ये ठसठशीत बसली होती.

पण डेलचं लक्ष भलतीकडेच होतं. तो पडद्यावर मागे-पुढे काहीतरी शोधत होता. "एकसष्ट कुठंय?"

"एकसष्टावी? ती तर कोरी होती," कोरीन म्हणाली. "मला वाटलं, चुकून राहिली असेल. काढून टाकली मी."

 डेलनं टोपी उचलली, डोक्यावर घातली आणि दार हळूच लावून निघून गेला. त्यानं दार आपटलं असतं तर कोरीनला बरं वाटलं असतं.

त्या आठवड्यात त्याचा फोन आला नाही. मंगळवारी 'काम आहे' एवढाच निरोप. जॉयसनं मधमाशीवाल्यांकडून दर मागवल्याचं कोरीनच्या कानावर आलं. तिचा अभिमान दुखावला होताच. पण त्याहून जास्त काहीतरी दुखत होतं, आणि ते काय आहे हे तिला चांगलं कळत होतं. एका कोऱ्या पानापायी माणूस एवढा रुसतो? रागारागानं ती म्हणाली, "चल, बघूनच घेऊ," आणि गुरुवारी शेजारच्या गावी, जिथे डेलचा या वर्षीचा शेवटचा वर्ग होता, तिथे जाऊन मागच्या रांगेत बसली.

तिच्या शेजारच्या खुर्चीवर एक जाडजूड म्हातारा कॉफी भुरकत होता. "ऑर्विल लिंडग्रेन," तो कुजबुजला. "तो पुढे बडबडतोय ना, त्याचा बाप. तू ती बटर टार्टवाली का?"

"मी… हो, बहुतेक."

"हं. घरात सारखं तुझंच चाललेलं असतं. आधी कौतुकानं, आता आठ दिवस तोंड फुगवून."

कोरीननं घाईघाईनं पुढे बघितलं. स्लाइड तशाच होत्या, खच्चून भरलेल्या. पण डेल त्यांच्याकडे बघतही नव्हता. तो माणसांशी बोलत होता, कोपरखळ्या मारत होता, आणि खोली त्याच्या मुठीत होती. मग एकसष्टावी आली.

पडदा पांढराशुभ्र झाला आणि डेल गप्प उभा राहिला. कुणी हललं नाही. एक जण हसला, पण त्याचं हसू अर्ध्यातच विरलं. खुर्ची करकरली. बाहेरून जाणाऱ्या ट्रकचा आवाज येऊन गेला… आणि तरीही तो गप्पच. कोरीनला कळेना, आपण श्वास का रोखून धरलाय.

"बावीस सेकंद," डेल म्हणाला. "बारा वर्षांपूर्वी माझे बाबा कोठीत उतरले. मसुराचा थर कडक झाला होता, काठीनं फोडायचा होता. पाच मिनिटांचं काम. कोठीखालून धान्य ओढून नेणारा पट्टा बंद आहे असं सगळ्यांना वाटत होतं. तो चालू होता. मी वरून पट्टा बंद करायच्या बटणापर्यंत धावलो. नंतर मी परत परत तेवढंच अंतर धावून मोजलं. बावीस सेकंद. आत्ता तुम्ही जेवढा वेळ गप्प बसलात तेवढे. आणि तेवढ्यात धान्य आलं…"

"इथपर्यंत!" शेजारचा ऑर्विल गरजला आणि त्यानं तळहात हनुवटीखाली आडवा धरला. "पाच तास लागले मला बाहेर काढायला, आणि तीन बरगड्या गेल्या. पण हे गाढव धावलं म्हणून आज फुकटची कॉफी पितोय!"

खोलीत हशा पिकला, पण डोळे पुसणारेही होते. कोरीन त्यातलीच.

वर्ग सुटला तेव्हा बाहेर भुरभुर पाऊस होता. डेल पिकअपमध्ये खोकी ठेवत होता. ती छत्रीबित्री न उघडता तशीच त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"ती स्लाइड कोरी नव्हती," ती म्हणाली. "मी न विचारता काढली. चुकलं माझं."

"मी सांगायला हवं होतं." त्यानं खोक्याकडेच बघत म्हटलं. "पण असं कुणाला सांगतात का, की माझ्या सगळ्या स्लाइडमध्ये कामाची तेवढी एकच आहे?"

"मला दहा दिवस दे."

"जॉयस मधमाशी आणतेय."

"आणू दे. मधमाशीला मी बघून घेते." कोरीनच्या पापण्यांवर थेंब होते आणि नाकावर राग. "डेल, सहा वर्षं मी हेच करतेय. मला हे काम येतं. तू खोलीत जे करतोस ते मी पडद्यावर करून दाखवीन. नाही जमलं तर पुन्हा तुझ्या वाटेला येणार नाही."

"मग जमलंच पाहिजे," तो हळूच म्हणाला. आणि लगेच कानापर्यंत लाल झाला.

कोरीननं सगळा कोर्स मोडला आणि नव्यानं मांडला. सुरुवातीला नियम नाहीत, संघाचा इतिहास नाही. सुगीची दुपार, फाटकाबाहेर ट्रकांची रांग, आणि घाईला आलेला मुकादम: "अगं, कोठीत थर अडकलाय. जरा उतरून काठी मार. पाच मिनिटांचं काम!" खाली दोनच उत्तरं, मोजून सारख्या लांबीची. उतरते. उतरत नाही.

आवाज ध्वनिमुद्रित करायला कोठारात शांत जागा मिळेना. सगळीकडे पंखे आणि पट्टे घरघरत होते. तेव्हा कोरीननं आपली जुनी युक्ती काढली. पिकअपच्या काचा बंद करायच्या आणि आतून रजया लावायच्या. ऑर्विलनं आपलं 'इथपर्यंत' तीन वेळा जोरात म्हटलं, घामाघूम झाला, आणि "आता तुम्ही दोघं शिजा आत," म्हणून उतरून गेला.

मग आत दोघंच राहिले. एक माइक, एक रजई आणि जुलैचा उकाडा. डेलनं कागद काढला आणि वाचायला लागला.

"वाचू नकोस," कोरीन म्हणाली.

"मग?"

"मला सांग. मी उद्या कोठीत उतरणार आहे असं समज आणि मला सांग."

डेलनं कागद खाली ठेवला. तिच्याकडे बघितलं… आणि बघतच राहिला. रजईखाली तिचं कोपर त्याच्या कोपराला टेकलं होतं आणि दोघांपैकी कुणीच ते काढलं नव्हतं.

"उतरू नकोस," तो म्हणाला. "आधी पट्टा बंद करून घे. त्याला कुलूप लाव, किल्ली स्वतःच्या खिशात ठेव. दोर बांध. वर एक माणूस उभा कर. एवढं नसेल ना… तर कुणीही ओरडलं तरी उतरू नकोस. ओरडणारा उद्या विसरेल. आम्हाला तू हवी आहेस."

माइकवरचा लाल दिवा चालूच होता. कोरीननं तो बंद करायला हात नेला आणि बोटं चुकून त्याच्या बोटांवर पडली. चुकून, असं ती पुढे बरेच दिवस सांगत असे.

दहाव्या दिवशी जॉयस संगणकापुढे बसली. मुकादम ओरडला, तिनं घाईत 'उतरते' दाबलं. पडदा पांढरा झाला. 'पुढे' बटण गायब. जॉयसनं माउस हलवला, दोन कळा दाबल्या.

"बंद पडलं की हे! लोकांना वाटेल संगणक बिघडला."

"वाटू दे," कोरीन म्हणाली.

"पण त्यांना काहीच करता येत नाहीये!"

"हो. कोठीतही येत नाही."

जॉयसचा हात माउसवरून आपोआप उचलला गेला. बावीस सेकंद झाले आणि ऑर्विल म्हणाला, "इथपर्यंत." मग डेलचा आवाज आला. तो संपेपर्यंत जॉयस हलली नाही. मग तिनं चष्मा काढून पुसला. "मधमाशीवाल्यांना नको म्हणून कळवते," एवढंच ती म्हणाली.

ऑगस्टमध्ये एकतीसही कोठारांवर कोर्स सुरू झाला. सुगी लागली, डेल कोठारांच्या फेऱ्यांत अडकला, कोरीन रेजायनात दुसऱ्या कुणाच्या तरी दोनशे स्लाइड उपसत बसली. मंगळवार यायचे आणि नुसतेच जायचे. फोनवर दोघं कामाचं बोलायचे. काम संपलं तरी फोन संपायचा नाही, पण खरं काय ते दोघांच्याही ओठांवर येऊन परत फिरायचं. कोरीनला वाटायचं, त्यानं बोलावं. त्याला काय वाटायचं, ते अनुक्रमणिका लावल्याशिवाय कळणार नव्हतं.

सप्टेंबरच्या अखेरीस, एका ओल्या दुपारी, ऑफिसच्या दारात तो उभा राहिला. बुटांना चिखल, खांद्यावर धान्याची धूळ, एका हातात लॅपटॉप आणि दुसऱ्यात बटर टार्टचा डबा.

"मेव्हिस," तो धापा टाकत म्हणाला.

कोरीन ताडकन उठली. "काय झालं तिला?"

"काही नाही. तेच सांगायला आलोय… काहीही झालं नाही." त्यानं डबा टेबलावर ठेवला. "काल थर अडकला. मुकादम म्हणाला, उतर. ट्रकांची रांग फाटकाबाहेर गेलेली. मेव्हिस म्हणाली, आधी पट्ट्याला कुलूप लाव आणि किल्ली माझ्या हातात दे. तो खवळला. म्हणाला, पट्टा बंदच आहे, पाच मिनिटांचं काम आहे. ही कमरेवर हात ठेवून म्हणते, 'मग तूच उतर, मी वरून बावीस मोजते.' दोघांचं वाजलं. आणि ते भांडत होते तेवढ्यात खाली कुणीतरी रेल्वेचा डबा भरायला पट्टा सुरू केला. सगळा थर धाडकन कोसळला."

"आणि आत…"

"आत कुणीच नव्हतं, कोरीन."

ती खुर्चीवर बसली. मेव्हिस आज घरी जेवली असेल, शेजारणींना तिखटमीठ लावून सांगत असेल. कोरीनला रडू फुटलं, आणि रडता रडता तिची छाती अभिमानानं भरून आली. नाताळात आता कुणी काहीही हाक मारो.

"मुकादमानं आज स्वतः येऊन कोर्स पुन्हा केला," डेल म्हणाला. "आणि मेव्हिसनं निरोप दिलाय. तुझ्या त्या पोरीला सांग, 'लांब उत्तरं काढलीस ते बरं केलंस.'"

कोरीन हसली, नाक पुसलं. मग तिच्या लक्षात आलं की सगळं सांगून झालं तरी डेल गेला नाहीये. तो टोपी हातात फिरवतोय.

"आणखी एक आहे," तो म्हणाला. "पण मला स्लाइडशिवाय बोलता येत नाही, तुला माहितीये. म्हणून… एकच आणलीय."

"एकच? बाण किती?"

"बघ तरी."

त्यानं लॅपटॉप उघडून तिच्याकडे वळवला. पडदा पांढराशुभ्र होता. एक अक्षर नाही.

डेल तिच्यासमोर उभा राहिला आणि गप्प झाला. नजर तिच्यावरून हलत नव्हती. खिडकीवर पाऊस टपटपत होता. शेलनं पलीकडच्या टेबलावरून मान उंचावली आणि शहाणपणानं पुन्हा खाली घातली. कोरीन मनातल्या मनात मोजायला लागली. एक… दोन… तिला तो उकाडा आठवला, ती रजई, ते कोपर. पाच… सहा…

सातावर तिनं लॅपटॉप मिटला.

"हो," ती म्हणाली.

"अजून पंधरा राहिलेत," डेल म्हणाला.

"माझं आवडतं माणूस समोर असताना मी पंधरा सेकंद फुकट घालवू?"

तिनं त्याचे दोन्ही हात धरले. धुळीनं माखलेले. आणि मग त्यानं तिला जवळ घेतलं, ते इतक्या सावकाश की शेलनं पुढे सगळ्या ऑफिसला सांगितलं, तिथेही बावीस सेकंद सहज गेले.

खालून पिकअपचा हॉर्न वाजला. एकदा, दोनदा, मग सलग. कोरीननं खिडकी उघडली. भर पावसात काचेतून अर्धा बाहेर येऊन ऑर्विल वर बघत होता.

"काय रे ए!" तो ओरडला. "कुठपर्यंत आलं?"

डेल कोरीनच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्यानं तळहात आडवा करून हनुवटीखाली धरला. मग कोरीनकडे एकदा बघितलं, आणि हात उचलून थेट डोक्यावर नेला.